माशामागची लाल रेघ

निंफा लिमाचीनं आयुष्यातला सगळ्यात देखणा मासा काढला तो एका माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून. देवाधर्माचं नाव घेऊन ती कामाला बसली नव्हती, आणि तसं सोंगही तिनं केलं नाही.

मासा कागदावर नव्हे, कॉम्प्युटरवर. ला पास शहरातल्या चढावर नाचाचे पोशाख शिवणारे, मुखवटे करणारे आणि जरीवाले जिथं दाटीवाटीनं बसतात, तिथं दुसऱ्या मजल्यावर तिचा गाळा होता. गाळा कसला, कपाट म्हणा. एक कॉम्प्युटर, एक खुर्ची, आणि भिंतीवर जुन्या मात्राका टांगलेल्या. मोरेनादा नाचताना प्रत्येकीच्या हातात मात्राका असते. दांडा धरून गरकन फिरवली की करकर वाजते. पण तिचा आवाज कोण ऐकतो? लोक बघतात ती दिसते कशी. ट्रकवाल्यांची ट्रकसारखी, खाटकांची बैलासारखी. दर वर्षी नवी, आणि मिरवणुकीच्या सकाळपर्यंत तिची कुणाला हवा लागू द्यायची नाही. घरातली भांडणं चव्हाट्यावर आली तर चालतील, मात्राका येता कामा नये.

आणि गेल्या वर्षी नेमकी तीच आली. ग्रान पोदेरच्या सणाच्या मिरवणुकीत मासळीवाल्या बायकांची तुकडी निंफानं काढलेल्या होड्या मिरवत निघाली. लव्हाळ्याची होडी, खाली निळी लाट. वळणावर पाहतात तो पुढच्या तुकडीच्या हातात तीच होडी, तीच लाट, तोच निळा. लोकांनी दोन्ही तुकड्यांकडं बोटं दाखवत पोट धरधरून हसून घेतलं. वर्षभर ज्यासाठी जीव टाकला, त्याचा अर्ध्या गल्लीत तमाशा झाला.

ती होडी विकली होती वाल्तेर केन्तानं. हा वाल्तेर निंफाचा कोम्पाद्रे, म्हणजे तिच्या लेकीला बाप्तिस्म्याला ज्यानं आणि ज्याच्या बायकोनं हातांवर घेतलं तो. भावाहून जवळचं नातं. निंफा चित्रं काढायची, वाल्तेर ऑर्डरी आणायचा, सुटे भाग चिकटवायचा आणि गोड बोलायचा. त्याला साधं वाटोळं वर्तुळ काढता येत नव्हतं, पण गाळ्याची किल्ली त्याच्याकडं होती. निंफाला हे सगळं दुसऱ्या तुकडीच्या कारागिरानंच सांगितलं. ती तडक तुकडीच्या सभेला गेली, तर तिथं आधीच सेलेदोनिया उभी होती. वाल्तेरची बायको, तुकडीची म्होरकी, आणि निंफाची कोमाद्रे. तिनं देवाच्या तसबिरीवर हात ठेवला आणि साऱ्या बायकांसमोर म्हणाली, "होडी निंफानंच विकली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

काय डोंबल पाहिलं होतं तिनं? नवऱ्यानं शिकवलं, हिनं म्हटलं. पण तसबिरीवरचा हात बघून बायकांनी मान डोलावली, आणि निंफाला तुकडीतून काढलं. लग्नाआधीपासून ती सेलेदोनियाच्या खांद्याला खांदा लावून पहिल्या रांगेत नाचत आली होती. त्यानंतर बाजारात गेली की भरल्या टोपलीसमोर बसून बाया सांगायच्या, "मासळी संपली." ऑर्डरी आटल्या. कोंबडीच्या दुकानांचे फलक आणि बारशाची लेबलं करून ती दिवस काढत होती. तिला ऑर्डरी परत नको होत्या, वाल्तेरची माफीही नको होती. तिला एकच पाहिजे होतं. जे वाक्य सेलेदोनियानं त्या बायकांसमोर उच्चारलं, ते त्याच बायकांसमोर तिनं गिळायला हवं होतं.

आता बघा, वाल्तेरला चित्र येत नाही, आणि यंदा तुकडीची मात्राका आपणच करून देणार म्हणून त्यानं छाती ठोकून सांगितलेलं. म्हणजे तो चोरणार कुठून, हे सांगायला ज्योतिषी नको. निंफानं गाळ्याचं कुलूप बदललं नाही. उलट कॉम्प्युटरच्या पडद्यावर अगदी समोर, कुणालाही दिसेल असा नवा मासा ठेवायचं तिनं ठरवलं.

या कामात प्रत्येक वस्तू सुटी असते. एक वर्तुळ काढा, त्यावर चौकोन ठेवा, वर्तुळ झाकलं जातं. पण ते जात नाही कुठं, मागं गुपचूप बसून राहतं. मग कुणाला एक पायरी पुढं घ्यायचं, कुणाला मागं ढकलायचं, यातच सगळी अक्कल. माशाचे खवले तिनं शेपटीपासून मांडत आणले, प्रत्येक नवा खवला आधीच्याच्या थोडा वर चढवत, थेट कल्ल्यांपर्यंत. एक खवला चुकून मागं राहिला की अंगावरची सगळी झळाळी विस्कटायची. माशामागं सरोवरावर उगवता सूर्य, सूर्यामागं किरणं. वाल्तेरला तिनं इतक्या वर्षांत हे पुढं-मागं करणं शिकवायचा किती प्रयत्न केला, पण त्याच्या डोक्यात 'सगळ्यात पुढं' एवढीच आज्ञा राहिली. त्याचा स्वभावच तो.

मासा पुरा झाल्यावर निंफानं उंदीर काढला. भरीव नाही, नुसती बाह्यरेषा, लाल, केसाएवढी बारीक. टोकदार तोंड, गोल कान, वळवळती लांब शेपटी. तो तिनं माशाच्या पोटावर बरोबर बसवला आणि मागं पाठवला. पडद्यावर उंदीर नाहीसा झाला. उरला तो मासा, खवल्याखवल्यानं चमकणारा.

पण लेझरच्या यंत्राला पुढचं-मागचं कळत नाही. भरलेला रंग दिसला की ते वरवर कोरतं, आणि लाल केसाएवढी रेघ दिसली की आरपार कापतं. ती रेघ कुणाच्या पाठीमागं लपली आहे, याचं त्याला सोयरसुतक नसतं. मात्राकेचा दर्शनी भाग म्हणजे आरशासारखा सोनेरी पत्रा, प्लास्टिकचाच, आणि त्यामागं नुसती कडांना चिकटवलेली काळी फळी. सोन्यातून उंदराएवढा तुकडा गळाला की उरणार काळा उंदीर.

लगेच गळून मात्र चालणार नव्हतं. म्हणून तिनं लाल रेघेत बारीक बारीक फटी सोडल्या, जेणेकरून उंदीर तेवढ्याच धाग्यांवर लटकून राहील. एक नमुना तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाला कापून घेतला आणि घरी दार लावून नाचून पाहिला. पहिला उंदीर चार गिरक्यांतच टपकला. दुसरा काही केल्या निघेना. तिनं मात्राका फिरवून फिरवून दंड दुखवून घेतला. मग फटी कमीजास्त करत, पुन्हा कापत, पुन्हा नाचत ती अशा मापाला आली की तुकडी निघाल्यावर एक चांगली लांब गल्ली उंदीर तग धरेल आणि मग त्याचं काही खरं नाही. त्या दिवशी वर्षानंतर पहिल्यांदा तिला नाचून बरं वाटलं.

शेवटी तिनं मासा, सूर्य, उंदीर, सगळं एकत्र बांधून टाकलं, म्हणजे वाल्तेरनं काहीही ओढलं तरी अख्खं चित्र एकदमच हलेल. आणि माशाखाली एक रिकामी फीत ठेवली, रुंद, सुरेख, दोन्ही टोकांना वळलेली. रिकामी फीत दिसली आणि वाल्तेरनं तिच्यात आपलं नाव घातलं नाही, असं व्हायचंच नाही.

मग ती रोज दुपारी जेवायला बाहेर जाऊ लागली, सावकाश, सगळ्यांना सांगून. एके दिवशी परत आली तर खुर्ची खाली केलेली. वाल्तेर बुटका, बसला की आधी खुर्ची उतरवायचा. निंफानं खुर्ची पुन्हा वर केली, त्यात बसली आणि एकटीच हसली.

वाल्तेरला मासा आपल्या गल्लीत कापून घेता येईना. इथं प्रत्येक यंत्रवाला निंफाचा हात ओळखतो. म्हणून त्यानं तो वर एल आल्तोला पाठवला, जिथं लेझरवाला दुकानांच्या पाट्या कापतो, समोर आलेलं काम मुकाट उरकतो आणि हे काय म्हणून विचारत नाही. आणि सोनेरी पत्र्यावर चिकटवलेला जो संरक्षक कागद असतो, तो कुणीच काढला नाही, कारण तो मिरवणुकीच्या सकाळपर्यंत काढायचाच नसतो. नाहीतर ओरखडे पडतात. आणि काढला तरी खवल्यांच्या गर्दीत केसाएवढी रेघ दिसणार कुणाला?

मिरवणुकीच्या आठवड्यात सेलेदोनिया गाळ्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातात झाकलेली ताटली, आत तळलेले इस्पी, सरोवरातले बोटाएवढे मासे, निंफाच्या फार आवडीचे.

"आहेस का गं, कोमाद्रे?"

"या. बसा," निंफा म्हणाली. "खुर्ची एकच आहे. मी उभी राहते."

"मला अहोजाहो काय करतेस?"

"मोठी माणसं तुम्ही. तुकडीच्या म्होरक्या."

सेलेदोनियानं ताटली टेबलावर ठेवली. "गरम आहेत. खा."

"मासळी संपली होती ना बाजारात? वर्षभर संपलेलीच होती. आज कुठनं उगवली?"

"टोचून बोलायला तुला कुणी शिकवायला नको," सेलेदोनिया म्हणाली, पण रागानं नाही. ती खुर्चीत टेकली आणि शालीची टोकं कुरवाळत बसली. "झालं गेलं, निंफा. किती दिवस तोंड फिरवून बसायचं? तुझी पोरगी फोनवर विचारते, आई का येत नाही तुमच्याकडं. मी काय सांगू तिला? मिरवणूक झाली की जेवायला ये. मी तुझं पान मांडून ठेवते."

निंफाला जावंसं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. या बाईनं तिच्या बाळंतपणात तिचे केस विंचरले होते.

"येते," ती म्हणाली. "पण आधी सभेत येते. तिथं सगळ्यांसमोर एवढंच सांग, की तू काही पाहिलं नव्हतंस."

सेलेदोनियानं दाराकडं पाहिलं. बाहेर जिन्यात कुणीतरी पोशाखांची गाठोडी ओढत नेत होतं.

"आता ते उकरून काय मिळणार आहे? वाल्तेरच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि माझी अब्रू?"

"तू आपली एकटी. कामाशी काम तुझं. आम्हाला त्या बायकांत राहायचंय गं, उठता-बसता." आणि स्वतःलाच ते ऐकून कसंसं झालं असेल म्हणून तिनं घाईनं विषय बदलला. "यंदाची मात्राका बघशील तर वेडी होशील. सांगू नये, पण तुला म्हणून सांगते. वाल्तेरनं असा मासा काढलाय ना, खवला न खवला मोजून घ्यावा. कुणाला वाटलं होतं त्याच्या हातात एवढं आहे? मला तर रडूच आलं."

निंफाच्या जिभेवर आलं होतं. नाचू नकोस ते घेऊन, एवढं म्हणायचं बाकी होतं. पण तिचाच मासा तिच्याच तोंडावर त्या चोराच्या नावानं मिरवलेला ऐकला, आणि ते शब्द जिथून आले तिथं परत गेले.

"वरचा कागद कधी काढता?" तिनं विचारलं.

"मिरवणुकीच्या सकाळी. पाद्रीबाबांचं पवित्र पाणी पडलं की मग."

"बरोबर करता. आधी काढू नका, ओरखडे पडतील."

सेलेदोनिया गेल्यावर निंफानं सगळे इस्पी खाल्ले. अन्नावर कशाला राग काढायचा? पण ताटली धुऊन परत पाठवली ती शेजारच्या माणसाकरवी.

मिरवणुकीच्या दिवशी तिनं आपली चांगली हॅट घातली, विकुन्याच्या लोकरीची शाल घेतली, आणि उताराची मोठी गल्ली जिथं संपते त्या वळणावरच्या बाकावर जागा धरली. परीक्षक तिथंच बसतात, म्हणून सगळ्या तुकड्या त्या वळणावर मात्राका जिवाच्या आकांतानं फिरवतात. एकामागून एक तुकड्या गेल्या. निंफानं कुणाकडंही धड पाहिलं नाही.

मासळीवाल्या आल्या तेव्हा मात्र लोक उठून उभे राहिले. कोवळ्या उन्हात दोनेकशे सोनेरी मासे एकदम वळत होते, आणि प्रत्येक माशामागं सूर्य. पहिल्या रांगेत मध्यभागी सेलेदोनिया, पोयेरा म्हणजे घेरदार घागरा, तो जांभळा, मान ताठ. बाजूनं वाल्तेर तपकिरी सुटात, खांद्यावर रेशमी पट्टा टाकून, जणू तुकडी त्याच्याच पोटची. माशाखालच्या फितीत मोठ्या अक्षरांत कोरलेलं: वाल्तेर केन्ता, चित्रकार. निंफाला क्षणभर अभिमानच वाटला. मासा होताच तसा. मग तिला भीती वाटली, की उंदीर निघायचाच नाही.

बँडनं चाल बदलली. बायकांनी मात्राका उंचावल्या आणि फिरवल्या. टण्‌ असा एक बारीक आवाज झाला. रस्त्यावर काहीतरी सोनेरी पडलं. मग दुसरं, तिसरं, आणि मग गारा पडाव्यात तसे उंदीर पडायला लागले. नाचणाऱ्या पायांखाली ते कडकड मोडत होते, आणि वर प्रत्येक माशाच्या पोटात काळाकुट्ट उंदीर, कान, शेपटीसकट.

"अगं बाई, माशानं उंदीर गिळला की काय?" निंफाशेजारची म्हातारी म्हणाली.

"खाली नाव लिहिलंय बघा उंदराचं," मागून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. "वाल्तेर केन्ता."

हशा गल्लीभर पसरला. पलीकडच्या बाकावर गेल्या वर्षीच्या होडीवाल्या तुकडीच्या बाया होत्या, त्या हात तोंडाशी धरून ओरडल्या, "काय गं, यंदा मासळीच्या भावात उंदीर विकता का?" वाल्तेर धावत सुटला. वाकून वाकून रस्त्यावरचे सोनेरी उंदीर गोळा करून सुटाच्या खिशात कोंबू लागला. एक उचलावा तर चार पडत होते. खिसे फुगले, शेपट्या बाहेर आल्या, आणि लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या रांगेतल्या दोघी रडत नाचत होत्या. निंफाला त्यांचं वाईट वाटलं का? वाटलं. पण भरल्या टोपलीमागून 'मासळी संपली' म्हणणारी तोंडं हीच होती, हे आठवलं आणि वाईट वाटणं आवरलं.

सेलेदोनियाचे पाय थांबले नव्हते. म्होरकी थांबली की तुकडी कोसळते. तिनं आपल्या मात्राकेकडं पाहिलं, खवल्यांवरून नजर फिरवली, आणि मग बाकांवर कुणाला तरी शोधू लागली. निंफा दिसताच ती नाचतच कडेला आली. चेहरा घामानं आणि रंगानं ओघळलेला.

"हे तुझं काम आहे."

"माझं?" निंफा म्हणाली. "खाली नाव वाचा की."

"हा मासा तुझा आहे. असे खवले दुसऱ्या कुणाचे नसतात."

"असं म्हणता? मग माझा मासा तुमच्या नवऱ्याच्या नावाखाली आला कसा, तेही सांगा. मासा माझा म्हणालात, तर तो चोर. मासा त्याचा म्हणालात, तर हा उंदीर त्यानंच तुमच्या हातात दिला. तुम्हीच ठरवा."

मागं वाल्तेर गुडघ्यांवर बसून एका बाईच्या पायाखालचा तुकडा ओढत होता आणि ती बाई त्याला लाथेनं बाजूला सारत होती. सेलेदोनियानं ते पाहिलं. तिनं मात्राका खाली केली.

"मी काही पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"ऐकू येत नाही. बँड वाजतोय."

"मी काही पाहिलं नव्हतं. होडी तू विकली नाहीस."

"मला काय सांगतेस? मला माहीतच आहे. त्यांना सांग."

सेलेदोनिया एक पाऊल पुढं आली. आता ती मारील असं निंफाला वाटलं, आणि मारलं असतं तरी तिनं हात धरला नसता. पण सेलेदोनिया वळली. पहिल्या रांगेसमोर उभी राहिली आणि ट्रॉम्बोनांच्या वर आवाज काढून ओरडली, "होडी निंफानं विकली नव्हती. वाल्तेरनं विकली. मी देवाच्या तसबिरीवर हात ठेवून खोटं बोलले." पहिल्या रांगेच्या पावलांचा ठेका चुकला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, मग बाकावरच्या निंफाकडं. एकीनं हॅट काढून छातीशी धरली. सेलेदोनिया धापा टाकत परत आली, डोळे भरलेले, हात पुढं केलेला.

"झालं ना आता, कोमाद्रे?"

निंफानं तो हात धरला. घट्ट धरला. इतक्या वर्षांची सवय होती त्या हाताची.

"मागच्या रांगांना ऐकू गेलं नाही, कोमाद्रे," ती म्हणाली, आणि हात सोडला.

सेलेदोनियानं पोयेरा सावरला आणि ती नाचत्या रांगांच्या उलट्या दिशेनं चालू लागली. प्रत्येक रांगेपाशी थांबत होती, तोंड उघडत होती, पुढं सरकत होती. निंफा बाकावर चढून उभी राहिली, कारण बसून तिला शेवटची रांग दिसत नव्हती.